मे महिन्यात मुलांनी जायचं कुठे?

गिरणगावातल्या मुलांचं उन्हाळी शिबिर पूर्वी कोकणात भरायचं. परीक्षा आटोपली की आई पोरांना घेऊन गावी जायची, बाप खोलीवर राहून पाळ्या करायचा. खर्च काय तो एसटीच्या तिकिटाचा. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि घर चालवायला दोघांनाही बाहेर पडावं लागलं. आता अनेकांच्या गावच्या घराला कुलूप आहे. शिवडीतलं मूल मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत मोबाइल घेऊन बसतं.

शिबिरांच्या जाहिराती रस्तोरस्ती लागतात. फी परवडत नाही हे खरंच, पण वेळ त्याहून महाग पडतो. दहा ते बारा चालणारं शिबिर शंभर रुपयांत मिळालं, तरी मुलाला सोडायला-आणायला कुणाला तरी खाडा करावा लागतो. रोजंदारीवरच्या आईला परवडेल असं शिबिर चालत जाण्याच्या अंतरावर, दिवसभराचं आणि दुपारच्या जेवणासकट हवं.

युरोपात सुट्टीतल्या शिबिरांची सुरुवातच गरीब मुलांपासून झाली. 1876 मध्ये झुरिकच्या वॉल्टर बिऑन या पाद्र्याने कामगार वस्तीतली 68 मुलं आपेनझेलच्या डोंगरात नेली. फ्रान्समध्ये आजही बऱ्याच ठिकाणी सुट्टीतल्या शिबिराची फी घरचं उत्पन्न पाहून ठरते. आपल्याकडे 1941 पासून राष्ट्र सेवा दलाने शिबिरं भरवली ती ताट-वाटी आणि अंथरूण घरून आणायला सांगून. झाडलोट मुलांचीच. पैसा वाचतो आणि मुलं कामाला हात लावायला शिकतात.

उत्पन्नानुसार फी आपल्या गणेशोत्सव मंडळांनाही सहज जमेल. समजा, 40 मुलांचा खर्च 24,000 रुपये आला. दहा घरांनी हजार, वीस घरांनी सहाशे आणि दहा घरांनी दोनशे दिले की हिशोब जुळतो. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांना कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मात्र कुणी किती दिले हे मुलांच्या कानावर जाता कामा नये. याबाबतीत मी हट्टी आहे.

खर्चातला मोठा वाटा जागेच्या भाड्याचा असतो आणि मे महिन्यात महापालिकेच्या शाळांचे वर्ग रिकामे असतात. ते मंडळांना मिळायलाच हवेत. दुसरा आधार महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा. 1953 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या मंडळासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कपात होते. 2024 पासून दर सहामाहीला कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये. म्हणजे शिवडीतल्या अनेक बापांनी शिबिराचे पैसे आधीच भरलेत, मागायचं तेवढं राहिलंय. घरकाम करणाऱ्या बाईची अशी कपात होत नाही, पण तिच्या मुलाला त्यापायी दारात अडवू नये.

आणि शिकवायला काय? शिवडीचा किल्ला 1680 चा. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याच किनाऱ्यावर उतरला. किल्ल्यावर उभं राहून तो प्रसंग सांगा, पुस्तक लागणार नाही. खाली खाडीत रोहित पक्षी. अटल सेतूचं काम सुरू झाल्यापासून ते इथे पूर्वीइतके दिसत नाहीत, तरी मे महिन्यात बरेचदा भेटतात. भरतीचं पाणी चढू लागलं की थवा चिखलावरून किनाऱ्याकडे सरकतो. चोच उलटी करून पाणी गाळणारा पक्षी मुलाने एकदा दुर्बिणीतून पाहिला की प्रश्न थांबत नाहीत: तो गुलाबी का, रात्री कुठे झोपतो, इथून कुठे जातो? पाच मुलांत एक दुर्बीण पुरते. वेळापत्रक मात्र भरती-ओहोटी पाहून आखावं लागतं.

हे सगळं एप्रिलमध्ये सुचून उपयोग नाही. मंडळांनी संक्रांतीच्या सुमारास महापालिकेच्या परळमधल्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात वर्गांसाठी आणि प्रभादेवीच्या बाबू गेनू क्रीडाभवनात कामगार कल्याण मंडळाकडे मदतीसाठी लेखी अर्ज द्यावा. सोबत मुलांची यादी, वयं आणि आई-वडिलांच्या कामाच्या वेळा जोडाव्यात.