अमोल मुजुमदारची निवड योग्य होती का?

ऑक्टोबर 2023 मध्ये अमोल मुजुमदार भारतीय महिला क्रिकेट संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस! पण प्रशिक्षक निवडताना कॅप मोजायच्या की काम बघायचं? हा दादरच्या शारदाश्रम शाळेचा, क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतला. रणजी पदार्पणातच 260 धावा. (तरी भारताची कॅप नाही, हे आम्हा शिवाजी पार्कवाल्यांना अजून सलतं.) तो प्रशिक्षक असताना मुंबईने 2022 मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा जिंकला. 2025 च्या महिला विश्वचषकात भारताचे लागोपाठ तीन पराभव, टीका झालीच. मग उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज आयत्या वेळी तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला. नाबाद 127, ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार! 2 नोव्हेंबरला विश्वचषक आपला. माझ्या मते निवड शंभर टक्के बरोबर. तुमचं मत?