हट्टोरीचा आवाज

मराठवाड्याला हिंदी-उर्दू निजामाच्या काळापासून ओळखीची आहे. पण घरात मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या पोराच्या तोंडी ‘शरारत’ आणि ‘मुसीबत’ येऊ लागले, ते कार्टूनमुळे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरला बाहेरची माणसं येतात ती मल्लिनाथांच्या जैन मंदिरासाठी. तिथल्या पोरांचं दैवत मात्र ‘निन्जा हट्टोरी’ असलं तर नवल नाही. गंमत अशी, की हिंदीत बोलणारा हा जपानी पोरगा म्हणजे मेघना एरंडे ही मराठी बाई. ‘नॉडी’चा हिंदी आवाजही त्यांचाच.

हट्टोरीचा आवाज काढणं सोपं नाही. हट्टोरी ज्याच्या घरी राहतो तो केनिची रडका, म्हणून त्याचा आवाज सारखा चढलेला, हट्टोरी शांत. वय लहान, पण बोलण्यात जबाबदार थोरल्या भावाचा ठेहराव. आणि बेडूक दिसला की तोच शूर निन्जा गारठतो! आवाज नुसता बारीक करून हे जमत नाही, उलट कान किटतात. डबिंग करताना कानावर हेडफोन, समोर पडदा, हातात संहिता. चित्रातले ओठ उघडतील तेव्हा बोलायचं, मिटतील तेव्हा थांबायचं. शिवाय धाप, हुंदका, उडी मारताना निघणारा ‘हं’ही द्यावा लागतो. पूर्वी सगळे कलाकार एकत्र उभे राहून संवाद म्हणत. आता बहुधा प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळं होतं, म्हणजे भांडणसुद्धा एकट्यानेच करायचं. एक सोय आहे. जपानी वाक्यात क्रियापद मराठी-हिंदीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचा जोर चित्राच्या हावभावाशी बऱ्यापैकी जुळतो. इंग्रजीला हे सुख नाही.

मुलाचा आवाज बाईने का द्यायचा? मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो, मालिका मात्र वर्षानुवर्षं चालते. 1981 मध्ये जपानी टीव्हीवर आलेल्या हट्टोरीला जुन्को होरी यांनी आवाज दिला. नोबुयो ओयामा 1979 पासून 2005 पर्यंत डोरेमॉन होत्या. अमेरिकेतला खोडकर बार्ट सिम्प्सनचा आवाजसुद्धा नॅन्सी कार्टराइट या बाईचाच. बालगंधर्वांना स्त्रीवेशात डोक्यावर घेतलेल्या मराठी माणसाला यात वावगं वाटू नये. फरक प्रसिद्धीचा. गंधर्वांचं नाव घराघरांत होतं. इथे आवाज घरात पोचतो, नाव बाहेरच राहतं. जपानमध्ये आवाजाच्या कलाकारांचे चाहते असतात. आपल्याकडे मोठा नट एखाद्या चित्रपटापुरता आवाज द्यायला आला की जाहिरातीत झळकतो, आणि रोज संध्याकाळी जिच्या आवाजावर पोरं जेवतात ती बाई श्रेयनामावलीतही सापडेलच असं नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं.

भाषेचंही तसंच. तमिळ मुलांना 2007 मध्ये ‘चुट्टी टीव्ही’ ही वाहिनी मिळाली. पुढे तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांनाही आपापल्या भाषेतल्या वाहिन्या मिळाल्या. त्याच काळात मराठी मुलांची एक पिढी हिंदी कार्टूनवर वाढली. ‘मराठी पोरांना हिंदी कळतं’ एवढा हिशेब बाजाराला पुरला. कलाकार नव्हते, असं मात्र कुणी म्हणू नये. हट्टोरी बोलत होता तो मराठी गळ्यातूनच.