भूवैज्ञानिक भूतकाळातील उष्ण कालखंड आणि ध्रुवीय हिमस्तरांचा प्रतिसाद

प्रास्ताविक :

भूगोलाच्या अध्यापनात ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांचा उल्लेख बहुधा 'कायम हिमाच्छादित प्रदेश' असा केला जातो. मानवी इतिहासाच्या मोजपट्टीने हे वर्णन योग्य असले तरी भूवैज्ञानिक कालमापनाच्या दृष्टीने ते अपुरे ठरते. भूभागावर ५०,००० चौरस किलोमीटरपेक्षा अधिक क्षेत्र व्यापणाऱ्या हिमाच्या अखंड थरास हिमस्तर असे म्हणतात. आज असे दोनच हिमस्तर शिल्लक आहेत. ग्रीनलंडचा हिमस्तर पूर्णतः वितळल्यास जागतिक सागरपातळी सुमारे ७ मीटरने, तर अंटार्क्टिकाचा वितळल्यास सुमारे ५८ मीटरने वाढेल. म्हणूनच पृथ्वी यापूर्वी थोडीशी उष्ण झाली तेव्हा या हिमस्तरांचे काय झाले, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही. सदर लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उष्ण कालखंड कसे ओळखले जातात?

सागराच्या पाण्याची वाफ होताना ऑक्सिजनचा हलका समस्थानिक तुलनेने अधिक प्रमाणात बाहेर पडतो. ही वाफ हिमरूपाने जमिनीवर अडकून राहिली की सागरात जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते. फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांत या बदलाची नोंद होते व ती कवचे सागरतळावरील गाळात साठत जातात. या नोंदीवरून शास्त्रज्ञांनी शीत व उष्ण कालखंडांना क्रमांक दिले असून विषम क्रमांक सामान्यतः उष्ण आंतरहिमकाल दर्शवितात. याशिवाय प्राचीन प्रवाळ व किनारी खुणा यांवरून तत्कालीन सागरपातळीचा अंदाज बांधता येतो.

ग्रीनलंडच्या तळाशी मिळालेली माती :

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने वायव्य ग्रीनलंडमध्ये बर्फाखाली 'कॅम्प सेंच्युरी' हा तळ उभारला होता. तेथे १९६६ मध्ये सुमारे १,३९० मीटर जाडीचा हिम भेदून छिद्र तळापर्यंत पोहोचले आणि हिमाखालील साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेला गाळही वर काढण्यात आला. संशोधकांचे लक्ष हिमाच्या गाभ्याकडे असल्याने हा गाळ पुढे दशकानुदशके दुर्लक्षित राहिला. २०१७ मध्ये तो कोपनहेगन येथील शीतगृहात पुन्हा सापडला. त्यात शेवाळ व काटक्यांचे अवशेष असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये प्रकाशदीप्ती पद्धतीने, म्हणजे खनिजकणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला याच्या मोजणीने, त्याचा काळ सुमारे ४,१६,००० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला.

हा काळ अकराव्या समस्थानिक टप्प्यातील होय. आज जेथे किलोमीटरहून अधिक जाडीचा हिम आहे, तेथे त्या वेळी उघडी जमीन होती व वनस्पती वाढत होत्या. हे स्थान हिममुक्त होण्यासाठी ग्रीनलंडचा हिम किमान १.४ मीटर सागरपातळीइतका घटलेला असावा, असे संगणकीय प्रारूपे दर्शवितात. विशेष लक्षणीय बाब अशी की त्या वेळी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० एवढेच होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे.

अंटार्क्टिकाची साक्ष :

सुमारे १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वीच्या शेवटच्या आंतरहिमकालात जागतिक तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे ०.५ ते १.५ अंश सेल्सिअसने अधिक होते, तर सागरपातळी आजच्यापेक्षा बहुधा ५ ते १० मीटर उंच होती. एवढ्या वाढीचे श्रेय एकट्या ग्रीनलंडला देता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिकाभोवतीच्या एका ऑक्टोपस प्रजातीच्या जनुकांचा विचार करण्यात आला. वेडेल, अमुंडसेन व रॉस या समुद्रांतील ऑक्टोपसांमध्ये त्या काळी जनुकीय संपर्क असल्याच्या खुणा आढळल्या. आज त्यांच्या मधोमध पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर आहे. तो त्या वेळी कोसळून तेथे सागरी मार्ग खुला झाला असावा, असा निष्कर्ष यावरून काढण्यात आला. त्याहून मागे, सुमारे ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीनमधील उष्ण काळात तापमान २.५ ते ४ अंशांनी अधिक व सागरपातळी ५ ते २५ मीटर उंच होती.

कार्यकारणभाव :

अल्प तापमानवाढीचा एवढा मोठा परिणाम होण्यामागे प्रामुख्याने तीन प्रक्रिया आहेत.

१) हिमस्तराचा माथा उंचावर असल्याने थंड असतो. वितळून त्याची उंची घटली की पृष्ठभाग खालच्या, अधिक उष्ण हवेत येतो व वितळणे वाढते.

२) हिम नाहीसा झाल्यावर उघडी पडलेली जमीन व पाणी सूर्याची अधिक उष्णता शोषून घेतात.

३) पश्चिम अंटार्क्टिकाच्या हिमाचा बराचसा तळ सागरपातळीच्या खाली असून तो आतल्या बाजूस उतरत जातो. उष्ण सागरजलामुळे हिमाची कड मागे सरकली की ती अधिक खोल भागात पोहोचते, तेथे जाड हिम सागरास भिडतो आणि माघार पुढे चालू राहू शकते.

तुलनेच्या मर्यादा :

भूतकाळ हा भविष्याचा हुबेहूब आराखडा नव्हे. आंतरहिमकालांतील उष्णता मुख्यत्वे पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षातील बदलांमुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात मिळणाऱ्या वाढीव सूर्यप्रकाशातून आली होती. आजची वाढ हरितगृह वायूंमुळे आहे. शिवाय अकराव्या टप्प्यातील उष्णता सुमारे ३०,००० वर्षे टिकली. म्हणजेच हिमस्तराच्या दृष्टीने उष्णतेच्या तीव्रतेइतकाच तिचा कालावधीही निर्णायक ठरतो. मात्र हिमाची प्रतिक्रिया नेहमीच संथ असते, असेही म्हणता येत नाही. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, सागरपातळी काही शतकांतच दहा मीटरहून अधिक वाढली होती. अर्थात त्या वेळी हिमाचा साठाही आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, हिमस्तरांचे स्थैर्य सापेक्ष आहे. आजच्याशी तुलनीय उष्णता दीर्घकाळ टिकली तेव्हा सागरपातळी कित्येक मीटरनी उंचावली होती. या शतकात प्रत्यक्ष वाढ त्याहून पुष्कळ कमी राहिली, तरी आजचे तापमान पुढील अनेक शतकांची सागरपातळी निश्चित करीत आहे. हिमस्तर घटला की त्याचे गुरुत्वाकर्षण कमी होऊन जवळचे सागरजल दूर सरकते, त्यामुळे ध्रुवांपासून दूर असलेल्या उष्णकटिबंधीय किनाऱ्यांवर पातळी सरासरीपेक्षा काहीशी अधिक वाढते. कोकण व गोव्याचा किनाराही याला अपवाद नाही. तेव्हा वर्गात नकाशावरील तो पांढरा रंग दाखविताना 'कायम' या शब्दाऐवजी 'सध्या' हा शब्द वापरणे अधिक शास्त्रीय ठरेल.