दुव्यांचा बाजार : जाहिरात आणि शिफारस यांतील गल्लत

शोधयंत्रातील क्रमांक वर नेण्यासाठी दुसऱ्या संकेतस्थळाला पैसे देऊन तेथून आपल्या पानाकडे दुवा, म्हणजेच लिंक, टाकून घेणे ही निव्वळ जाहिरात आहे, आणि स्वतः जाहिरातींवर चालणाऱ्या गुगलने तिला हरकत घेणे हा ढोंगीपणा आहे, असा युक्तिवाद गेली वीसेक वर्षे अखंड ऐकू येतो. संकेतस्थळे बांधून देणारे तो ग्राहकांना ऐकवतात, दुवे विकणारे दलाल तो तोंडपाठ म्हणतात, आणि अनेकदा उत्तर मिळूनही तो दरवेळी जणू प्रथमच सुचला असावा अशा थाटात पुढे केला जातो. त्यातला गुगलच्या सत्तेविषयीचा भाग विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ज्या विधानावर त्याचा सारा डोलारा उभा आहे, म्हणजे विकत घेतलेला दुवा ही जाहिरात असते हे विधान, मुळातच चुकीचे आहे, आणि वस्तू काय विकली जाते आहे एवढे तपासले तरी ते टिकत नाही.

दुव्याला मोल आले ते 1998 साली. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक नावाची पद्धत मांडली. तिची प्रेरणा विद्वत्तेच्या जगातील संदर्भगणनेत होती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत किती वेळा होतो यावरून त्याचे महत्त्व मोजण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी त्याआधी काही दशके रूढ केली होती. पेज आणि ब्रिन यांनी तीच कल्पना संकेतस्थळांना लावली आणि तिच्यात एक महत्त्वाची भर घातली : सर्व उल्लेख सारखे धरायचे नाहीत, तर ज्या पानाकडे स्वतःलाच पुष्कळ दुवे आले आहेत त्या पानाने दिलेल्या दुव्याला अधिक वजन द्यायचे. प्रत्येक पान आपले वजन आपण दिलेल्या सर्व दुव्यांत सारखे वाटते, आणि ते पुढे पोहोचताना त्याला साधारणपणे 0.85 या गुणकाने गुणले जाते. म्हणजे एक एकक वजनाच्या पानावर दहा दुवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 0.085 येते, आणि शंभर असतील तर त्याचाही दहावा हिस्सा. या साऱ्या गणिताचे एकच गृहीतक आहे : दुवा देणाऱ्याने तो आपल्या वाचकाच्या उपयोगासाठी, स्वतःच्या मताने दिला आहे.

हे गृहीतक पैशाने मोडता येईल याची जाणीव त्याच्या कर्त्यांना नव्हती असे नाही. पेजरँकवरील त्यांच्या मूळ निबंधातच महत्त्वाच्या संकेतस्थळांवर दुवे विकत घेतले जाण्याची शक्यता नोंदवलेली आहे. मात्र त्याला पैसे पडतात, म्हणून तो प्रकार आटोक्यात राहील, असे त्यांनी मानले. हा अंदाज पार चुकला, आणि तो चुकवण्यात गुगलचाही हात होता. डिसेंबर 2000 मध्ये गुगलने न्याहाळकात बसवण्याची एक पट्टी, म्हणजे टूलबार, उपलब्ध करून दिली, आणि तिच्यावर कोणत्याही पानाचे पेजरँक शून्य ते दहा अशा आकड्यात दिसू लागले. आकडा दिसताच त्याला भाव आला. 2002 साली ओक्लाहोमा येथील सर्चकिंग या कंपनीने पेजरँकच्या आधारे दुवे विकणारे जाळे उभे केले, गुगलने तिचे पेजरँक खाली आणले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. पेजरँक हे गुगलचे मत आहे आणि मत व्यक्त करण्याला अमेरिकी राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे म्हणून 2003 साली तेथील न्यायालयाने दावा फेटाळला. पट्टीवरील तो आकडा मात्र पुढे 2016 पर्यंत टिकला.

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. जाहिरातदार विकत घेतो ते वाचकाचे लक्ष. त्याने जाहिरात पाहावी आणि वाटले तर दुकानात यावे, एवढाच तो सौदा असतो. दुवा विकत घेणारा मात्र वाचकासाठी पैसे मोजत नाही, तो शोधयंत्राच्या हिशेबातील वजन विकत घेतो. हे सिद्ध करण्यासाठी कोणाच्या मनात डोकावण्याची गरज नाही, कारण तशी चाचणी तंत्रातच उपलब्ध आहे. दुव्याच्या संकेतात ‘रेल’ नावाचा एक गुणधर्म लिहिता येतो आणि त्यात ‘नोफॉलो’ अशी खूण केली की हा दुवा शिफारस म्हणून धरू नये असे शोधयंत्राला कळते. ही सोय गुगलने जानेवारी 2005 मध्ये जाहीर केली आणि याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही तिला पाठिंबा दिला. सप्टेंबर 2019 मध्ये खास मोबदल्याच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आली. ही खूण वाचकाला पानावर दिसत नाही. दुव्याचा रंग बदलत नाही, तो त्याच जागी राहतो, दाबला की त्याच दुकानात नेतो. जाहिरात म्हणून त्याचे मूल्य तसूभरही कमी होत नाही. तरीही ही खूण करणार असल्याचे कळवताच दुवे घेणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा पाठ फिरवते किंवा भाव पाडून मागते. कोकणातील पावसाळी सहलीवरच्या लेखात भाताच्या खाचरांचे वर्णन चालू असताना मध्येच ‘तात्काळ वैयक्तिक कर्ज’ या शब्दांवर दुवा आढळतो, तेव्हा तो सहलीला निघालेल्या वाचकासाठी टाकलेला नसतो, हे कोणालाही उमगावे. त्याला जाहिरात म्हणत राहणे हे अज्ञान असेल तर ते दूर करता येते. परंतु जे लोक खूण नसलेल्या दुव्याचा दर वेगळा लावतात, त्यांना अज्ञानाची सबब देता येत नाही.

गुगलची बंदी जाहिरातीवर आहे, हा समजही यातूनच निकाली निघतो. पैसे देऊन दुवा टाकण्यास गुगलच्या धोरणात कोठेही मनाई नाही. मोबदल्याच्या दुव्याने क्रमवारीत वजन घालू नये, एवढीच अट आहे. गुगलच्या स्वतःच्या जाहिरातींतील दुवेही या हिशेबात धरले जात नाहीत. जानेवारी 2012 मध्ये क्रोम या गुगलच्याच न्याहाळकाच्या प्रचारमोहिमेत मोबदला घेऊन लिहिलेल्या मजकुरात खूण नसलेला दुवा आढळला, तेव्हा गुगलने क्रोमच्या पानाचा क्रमांक 60 दिवसांसाठी खाली आणला.

महाराष्ट्राला हा भेद नवा वाटण्याचे कारण नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचा, म्हणजे पेड न्यूजचा, प्रश्न ऐरणीवर आला आणि पुढील वर्षी भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्याविषयी अहवाल दिला. उमेदवाराने जाहिरात दिली याला कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो जाहिरातीने बातमीचा वेश घेण्याला. रोख वा वस्तुरूप, कोणत्याही मोबदल्यावर छापलेली बातमी ही पेड न्यूज, अशी व्याख्या तेव्हा केली गेली. आणि पैसे न देता फुकट वस्तू, सवलत किंवा सेवा देऊन मिळवलेला दुवा हा विकतचा नव्हे, ही जी पळवाट आज काढली जाते, तीही याच न्यायाने बंद होते. गुगलच्या धोरणात वस्तू आणि सेवा यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

गुगलच्या सत्तेविषयीची तक्रार मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. स्वतःच्या खरेदीसेवेला निकालांत झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2017 साली गुगलला 242 कोटी युरोंचा दंड केला आणि 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. भारताच्या स्पर्धा आयोगानेही 2018 साली शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल सुमारे 136 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका गुगलवर ठेवला. अशा कंपनीच्या नियमांकडे संशयाने पाहणे योग्यच आहे. पण परीक्षकावर पक्षपाताचा आरोप सिद्ध झाला म्हणून उत्तरपत्रिका विकत घेणे रास्त ठरत नाही. विकतच्या दुव्याने ज्याची जागा हिरावली जाते तो गुगल नसतो, तर पैसे न मोजणारा आणि बहुधा अधिक उपयुक्त माहिती देणारा दुसरा एखादा लेखक किंवा दुकानदार असतो.

विकतचे दुवे गुगलला ओळखूच येत नाहीत, हा दुसरा मोठा समज अर्ध्या सत्यावर उभा आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्रीसाखळीचे प्रकरण उघड केले. सणासुदीच्या हंगामात ही कंपनी कपड्यांपासून फर्निचरपर्यंत असंख्य शोधांत पहिल्या क्रमांकावर होती. वृत्तपत्राने नेमलेल्या तज्ज्ञाला कपड्यांच्या पानाकडे नेणारे दुवे 2,015 पानांवर सापडले, आणि ती पाने आजार, कुत्री, घोरणे, न्हाणीघरातील फरशा अशा विषयांची होती. हे दुवे आपण टाकले नाहीत असे कंपनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. गुगलने हाताने कारवाई करताच प्रवासी बॅगांच्या एका शोधातील तिचा क्रमांक दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तरावा झाला. मात्र ही कारवाई वृत्तपत्राने विचारणा केल्यानंतर झाली, तोवर यंत्रणा फसलेली होती, हेही तितकेच खरे आहे. चित्र बदलले ते त्यानंतर : एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाची गणनपद्धती आली आणि गुगलच्या सांगण्यानुसार इंग्रजीतील सुमारे 3.1 टक्के शोधांवर तिचा परिणाम झाला. फटका केवळ घेणाऱ्यालाच बसतो असेही नाही. 2013 साली इंटरफ्लोरा या फुलविक्री कंपनीचे संकेतस्थळ ब्रिटनमधील शोधांत काही दिवस जवळजवळ नाहीसे झाले, तेव्हा तिचे जाहिरातवजा लेख छापणाऱ्या अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांचे पेजरँकही घसरल्याचे दिसून आले.

याच्या नेमका उलट समज, म्हणजे प्रत्येक विकतच्या दुव्याला शिक्षा होतेच, हाही चुकीचा आहे, आणि व्यवहारात तो अधिक नुकसान करतो. सप्टेंबर 2016 मध्ये पेंग्विन मूळ यंत्रणेत सामावले गेले तेव्हापासून संशयास्पद दुव्यांबद्दल संकेतस्थळाला खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांचे वजनच शून्य धरण्याकडे गुगलचा कल आहे. परिणामी पैसे जातात, दुवा पानावर दिसत राहतो, विकणाऱ्याचा अहवालही येतो, आणि क्रमवारीत काहीच घडत नाही. शिक्षेची सूचना येत नसल्यामुळे दुवा ‘चालला’ असे गिऱ्हाईक समजते आणि पुन्हा खरेदी करते. प्रतिस्पर्ध्याने वाईट दुवे पाठवून आपले संकेतस्थळ बुडवले, ही भीतीही याच कारणाने बहुतांशी निराधार असते. नको असलेले दुवे नाकारण्याचे जे साधन गुगलने ऑक्टोबर 2012 मध्ये दिले, ते हाताने कारवाई झालेल्यांसाठी किंवा तशी होण्याची खरी शक्यता असणाऱ्यांसाठी आहे. दर महिन्याला ते चालवून देण्याचे शुल्क आकारणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

काही किरकोळ समज थोडक्यात निकालात काढता येतील. ‘डूफॉलो’ नावाची कोणतीही खूण अस्तित्वात नाही. खूण नसलेल्या साध्या दुव्यालाच बाजाराने ते नाव दिले आहे. ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा आकडा मॉझ या खासगी कंपनीचा आहे आणि गुगल तो वापरत नाही, त्यामुळे त्याच्या आधारे लावलेला दर हा गुगलच्या मोजमापावरचा दर नव्हे. विद्यापीठाच्या पत्त्यावरील दुव्याला आपोआप जास्त वजन मिळते, यालाही आधार नाही. दुव्यांना आता काही अर्थच उरलेला नाही, हे विधान अतिरेकी आहे. 2023 साली गुगलच्या गॅरी इलिस यांनी दुवे पहिल्या तीन घटकांत राहिलेले नाहीत असे सांगितले, परंतु त्यांचा उपयोग थांबलेला नाही.

दुवा विकत घेणे भारतात गुन्हा नाही, हेही खरे आहे, कारण गुगलचे धोरण म्हणजे कायदा नव्हे. परंतु मोबदला घेऊन एखाद्या वस्तूची भलामण करणारा लेख वाचकापासून तो व्यवहार लपवतो तेव्हा प्रश्न गुगलचा राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची शिफारस करणाऱ्याने जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. ‘स्पॉन्सर्ड’ ही संकेतातील खूण शोधयंत्रासाठी असते. वाचकासाठी लेखावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट छापावे लागते, आणि एक केल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही.

संकेतस्थळाचे काम एखाद्या संस्थेकडे सोपवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला या साऱ्याचा उपयोग करारापुरता आहे. दरमहा अमुक इतके दुवे मिळवून देण्याची हमी करारात असेल तर ते दुवे बहुधा विकतचेच असतात, कारण दुसऱ्याच्या मताची संख्या आगाऊ ठरवता येत नाही. मिळालेल्या प्रत्येक दुव्याचा पूर्ण पत्ता, त्यासाठी कोणाला काय देण्यात आले आणि त्यावर कोणती खूण आहे, ही यादी दर महिन्याला लेखी मागावी, आणि ती देण्यास नकार देणाऱ्या संस्थेशी करार करू नये.