टॉनिक हवे की तपासणी?

'मूल काही खातच नाही, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या,' अशी मागणी दवाखान्यात रोज होते. पण जीवनसत्त्वे म्हणजे भूक लागण्याचे औषध नव्हे. वरण-भात, भाकरी, पालेभाजी, दूध, फळे, अंडी असे चौरस खाणाऱ्या निरोगी मुलाला सहसा टॉनिक लागत नाही.

दोन जीवनसत्त्वे मात्र ठरल्याप्रमाणे द्यावीत. आईच्या दुधात 'ड' जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून तान्ह्या बाळाला वर्षभर रोज ४०० युनिट 'ड'चे थेंब देतात. 'अ' जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर मिळतो. दीड वर्षाच्या सुमारास २ लाखांचा दुसरा, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे एकूण ९ डोस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ते चुकवू नका.

मात्र 'जास्त दिले तर जास्त गुण' हा समज घातक आहे. 'अ' आणि 'ड' शरीरात साठतात. 'ड' अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, उलट्या व बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडालाही इजा पोहोचते. 'ड'चे काही थेंब एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटचे, तर काही ८०० युनिटचे असतात. तेव्हा शेजारच्या बाळाचे माप आपल्या बाळाला लावू नका.

मूल फिकट दिसते, माती खाते, वजन वाढत नाही, अशा वेळी टॉनिकवर महिने घालवू नयेत. रक्त कमी आहे की पोटात जंत आहेत, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.