दहावीचा धडा सहावीला हवा

दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा धडा आहे. स्त्री-पुरुषांच्या प्रजनन संस्था, ऋतुचक्र, जुळी कशी होतात, टेस्ट ट्यूब बेबी, लैंगिक आरोग्य हे सगळं त्यात येतं. धडा चांगलाच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात मी विज्ञान शिकवते. माझं म्हणणं एवढंच, की तो फार उशिरा येतो आणि येतो तेव्हा ज्यांना तो सगळ्यात जास्त हवा होता, त्या मुली वर्गात नसतात.

मुलीला पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते, कुणाला दहाव्या-अकराव्यालाच. धडा येतो पंधराव्या वर्षी. आणि आमच्याकडे सातवी-आठवीनंतर पट गळायला लागतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावरच्या कोपीत तरी कशी सांभाळायची, या घोराने आई-बाप तिचं लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. माझ्या वर्गातून गेलेली मुलगी बाजाराच्या दिवशी कडेवर लेकरू घेऊन भेटते, तेव्हा दहावीचं पुस्तक तिच्या वाट्याला आलेलंच नसतं.

शरीराची माहिती नसल्याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्याला कारणं पुष्कळ. खाडा पडला की पैसे कापतात, फडावर ना संडास ना आडोसा, डोक्यावर मोळी वाहायची ती वेगळीच. पण अंगावरून पांढरं जातंय म्हणजे आता कॅन्सरच, लेकरं झाली की पिशवीचा काय उपयोग, या बोलण्यावर बाई विश्वास ठेवते, कारण त्या अवयवाबद्दल तिला आयुष्यात कुणी एक अक्षर सांगितलेलं नसतं. तिची मुलगी माझ्या वर्गात बसते.

म्हणून मी सहावी-सातवीच्या मुलामुलींपासून सुरुवात करते. पहिल्यांदा कोरे कागद वाटते आणि पोटात काय काय आहे ते काढायला सांगते. जठर, आतडी बरोबर येतात. गर्भाशय मात्र बऱ्याच मुली बेंबीपासून मांड्यांपर्यंत काढतात, काही जणी थेट जठरालाच जोडतात. मग मी पेरू उलटा धरून दाखवते : एवढंच असतं, सात-आठ सेंटिमीटर, मूत्राशयाच्या मागे. पेरू हातोहात फिरतो. पाळीत एकूण रक्त जातं ते तीस ते ऐंशी मिलिलिटर, हे मोजपात्रात रंगीत पाणी ओतून दाखवलं की मागच्या बाकावरच्याही उठून बघायला येतात. 'अंगातलं सगळं रक्त जातं' अशी त्यांची समजूत असते. पहिली दोन-तीन वर्षं पाळी पुढे-मागे होते, हे ऐकल्यावर काही जणींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

प्रश्न विचारायला वर्गात चिठ्ठ्यांचा डबा ठेवते. तो मुलांसाठीही असतो, नाव लिहायचं नाही. मुलांच्या चिठ्ठ्यांत भीती जास्त असते. झोपेत कपडे ओले होतात, हा आजार आहे का? रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, हे खरं का? एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर पोट भरतात. मी सरळ सांगते : वयात येताना असं होतं, त्याने कमजोरी येत नाही, औषध लागत नाही. मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंबद्दलही विचारतात. ते नट-नट्यांचं काम आहे, खऱ्या नात्यात समोरच्या व्यक्तीची संमती विचारावी लागते आणि ती नाही म्हणाली की विषय संपतो, हे मुलांसमोर मोठ्याने बोलणारं त्यांच्या घरात कुणी नसतं. मुलींना वेगळं बसवून पाळी सांगायची आणि मुलांना मैदानावर पाठवायचं, ही पद्धत मला घातक वाटते. उद्या त्यातलाच एक कुणाचा तरी नवरा असणार आहे.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्याच्या संरक्षणात येतं. पण मुलाने सांगायचं कसं? अवयवाचं नाव घेतल्यावर आजवर थप्पड मिळालेली असते. मी नावं शिकवते, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेते. आणि हेही आधीच सांगते, की असं काही मला कळलं तर ते पोलिसांना कळवणं मला कायद्याने बंधनकारक आहे. मुलांना फसवून विश्वास मिळवायचा नाही. मोठ्या मुली याच धाकाने दवाखान्यात जात नाहीत. गर्भपाताची वेळ आलेली मुलगी अल्पवयीन असेल, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव न सांगण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली आहे. ही गोष्ट गावात आशाताईंनाही माहीत असायला हवी.

पोरं बिघडतील, हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि खटले सोसले. त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आमदारांच्या विरोधामुळे थांबवला गेला. या आक्षेपाला अभ्यासाचं उत्तर आहे. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून २०१८ मध्ये मांडलं, की असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर शरीरसंबंधाकडे वळत नाहीत, उलट काही ठिकाणी ते लांबणीवर पडतात. पालकसभेत मी हे सांगते, पेरूही दाखवते. एकदा एक आई म्हणाली, "मॅडम, आमाला बी असंच बसवून सांगा की." तेव्हापासून आयांची बैठक वेगळी घेते.

कागदावर पुष्कळ आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, त्याखाली सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक चालतात. २०२० पासून शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचं 'तारुण्यभान' शिबिर आहे. पण शिबिर गावात येईल तेव्हा येईल, आणि आरोग्यदूत शिक्षकाची बदली झाली की विषय बंद पडतो. झारखंडने २००६ पासून 'उडान' कार्यक्रम सरकारी शाळांच्या वेळापत्रकातच बसवला आहे. आपल्याकडेही पाचवी-सहावीपासून आठवड्याचा एक तास नेमून द्यायला हवा, परिपाठानंतरची दहा मिनिटं पुरत नाहीत.

आणि बीडसारख्या जिल्ह्यात हे तास जून ते सप्टेंबरमध्ये भरपूर घ्यावेत, कारण दिवाळीनंतर निम्मा वर्ग फडावर असतो. जी मुलं मागे राहतात, ती हंगामी वसतिगृहात असतात. तिथल्या संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळेत हे तास ठेवता येतात, त्यासाठी नवी इमारत लागत नाही. फडावर गेलेल्यांसाठी साखर कारखान्याच्या तालुक्यातल्या आशाताईंनी कोप्यांवर जावं आणि त्या भेटीचा मोबदला त्यांना मिळावा, असा अर्ज आम्ही काही शिक्षिकांनी मिळून जिल्हा परिषदेकडे केला आहे. पावसाळा संपायच्या आत त्याचं उत्तर यायला हवं, कारण त्यानंतर टोळ्या निघतील.