बाय येवपाची वेळ

चोपड्याच्या आमच्या घरात कोठीच्या खोलीत, भाताच्या कणगीमागे, बॅटरीवर चालणारा रेडिओ असे. शापोरा नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड शिवोली. पूल नव्हता, वीज तर नव्हतीच. कार्यक्रमाची वेळ जवळ आली की आजोबा खिडकी लावून घेत. आजी वायनात भात घालून मुसळ हाती घेई, कारण कांडपाच्या दणक्यात रेडिओचा आवाज अंगणापर्यंत पोचत नसे. मग ती आत्येला सांगे, "बाय येवपाची वेळ जाली, दार ओड." आत्येकडूनच मी हे ऐकलं.

ही बाय म्हणजे लिबिया लोबो. आमच्या घरात तेव्हा तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो फक्त आवाज.

पोर्तुगीज राजवटीत वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या हाताखालून येत. १९४६ साली सुरू झालेलं 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सरकारचीच बाजू मांडी. त्यात १५ ऑगस्ट १९५५ उजाडला. आमच्याच पेडणे तालुक्यात, पत्रादेवीच्या सीमेवर, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबहून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला. त्यानंतर भारताने नाकेबंदी केली. बांदा-सावंतवाडीकडे दिलेल्या लेकी माहेराला तुटल्या, मुंबईच्या चाकरमान्यांची खबरबात थांबली. ज्यांचं निम्मं गणगोत सीमेपलीकडे, त्या पेडणेकरांना हे फार लागलं.

२५ नोव्हेंबर १९५५ ला 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झालं. १५१० साली याच तारखेला पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सुरुवातीच्या काळात निकोलाव मिनेझिस, एवढीच ही मंडळी. दादरा-नगर हवेली मुक्त करताना हाती लागलेली बिनतारी यंत्रणा त्यांनी ट्रकवर चढवली आणि आंबोलीच्या रानात तळ टाकला. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या धाडसाची कल्पना येईल. दिवसचे दिवस धुकं हटत नाही, अंथरूण ओलं, कपडे ओले, पायाखाली साप. तिथे यंत्र कोरडं ठेवायचं आणि वेळेवर बोलायचं. पुढे तळ कॅसलरॉकला हलला. पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांत बोलावं लागे, कारण सत्ताधाऱ्यांनाही ऐकवायचं होतं आणि आमच्यासारख्या घरांनाही. जगभरची केंद्रं ऐकायची, टिपणं काढायची, लिस्बनच्या प्रचाराला उत्तर लिहायचं आणि तेच वाचायचं. लिबिया कायदा शिकलेली, मुंबईत आकाशवाणीच्या ग्रंथालयात नोकरी केलेली. ते शहरी आयुष्य सोडून ती इथे आली होती.

हे जवळजवळ सहा वर्षं चाललं. माझ्या मते तिचं खरं मोठेपण या नेमात आहे. एका सत्याग्रहाला छाती लागतेच. पण कोण ऐकतं आहे हे न कळता वर्षानुवर्षं रोज त्याच वेळेला हजर राहायला लागणारं बळ वेगळं. त्या नेमामुळेच ती आमच्या घरातलं माणूस झाली. एकदा आवाज बसलेला वाटला, तर आजी मुसळ थांबवून म्हणाली, "बायेक थंडी जाल्या, काडो पिवंक जाय." पकडले गेलो तर काय होईल याची धास्ती घरात होतीच, आणि तरीही आजीला काळजी होती ती न पाहिलेल्या बायच्या घशाची.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हंटर विमानांनी बांबोळीच्या केंद्रावर हल्ला केला आणि एमिसोरा गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. तेव्हा लिबिया आणि वामन विमानात बसून, ध्वनिवर्धकावरून, गोवा मोकळा झाल्याचं वरून सांगत फिरले. लपून बोलणाऱ्यांना असा उघडा दिवस लाभला, याचा मला आजही आनंद होतो.

१९६४ साली दोघांनी लग्न केलं. वामनबाब पुढे अंगोलात, म्हणजे पोर्तुगिजांच्याच एका जुन्या वसाहतीत, भारताचे राजदूत झाले आणि १९९४ मध्ये वारले. लिबियाबाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. २०२५ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत्येने पेपरातला फोटो बराच वेळ न्याहाळला. आवाजाला साजेसा चेहरा आहे, म्हणाली.

पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर आमची मुलं जातात, तिथली नावं वाचतात. तिथून सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढायला फार वेळ लागत नाही. शाळेची बस तिथवर न्यावी, आणि पावसाळ्यातच न्यावी. त्या पावसात मुलांना थोडा वेळ उभं करून सांगावं की याच रानात एका ट्रकमध्ये बसून दोन माणसं रोज गोव्याशी बोलत होती.